वऱ्हाडातील बचाव पक्षाची वकिली : मेळघाटाच्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

फौजदारी खटल्यात शासनाची बाजू मांडण्यासाठी सरकारी वकील असतो. परंतु वकिलाची फी देण्याची ऐपत नसलेल्या आरोपीची बाजू कोणी मांडावी, हा प्रश्न भारतीय न्यायव्यवस्थेत दीर्घकाळ अनुत्तरित होता. अमरावती व अकोला या जिल्ह्यांना वकिलीची मोठी परंपरा लाभलेली आहे. याच वऱ्हाडाच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगांत कोरकू आदिवासींचा मेळघाट वसलेला आहे. ही परंपरा मेळघाटातील गरीब आरोपीपर्यंत कोणत्या मार्गाने व कितपत पोहोचली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे.

वऱ्हाडातील वकिली परंपरा :

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडण्यात आला व १९०५ च्या पुनर्रचनेत एलिचपूर जिल्हा, त्यातील मेळघाटासह, अमरावतीत विलीन झाला. इंग्रजी न्यायालयांबरोबर वकिलांचा नवा वर्ग उदयास आला. रं. न. मुधोळकर १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष झाले. दादासाहेब खापर्डे १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे स्वागताध्यक्ष होते. लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये शिक्षा झाल्यावर त्यांच्या सुटकेच्या प्रयत्नांसाठी ते इंग्लंडला गेले व १९१० पर्यंत तेथे राहिले. एका बंदिवानासाठी वकिलाने स्वतःचा व्यवसाय बाजूला ठेवल्याचे हे ठळक उदाहरण होय. तथापि असा बचाव स्वेच्छेवर व आरोपीच्या लौकिकावर अवलंबून होता. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४० ने आरोपीस वकील नेमण्याचा हक्क दिला होता. मात्र त्याचा खर्च शासनाने करावा, असे त्यात म्हटले नव्हते.

दानाकडून हक्काकडे :

स्वातंत्र्यानंतरही ही स्थिती लगेच पालटली नाही. केवळ वकील न दिल्यामुळे खटला आपोआप रद्द ठरत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये घेतली. १९७३ च्या संहितेतील कलम ३०४ ने मात्र सत्र न्यायालयातील निर्धन आरोपीस शासकीय खर्चाने वकील देणे बंधनकारक केले. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने कलम ३९-अ समाविष्ट झाले. १९७८ च्या होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी मोफत विधी साहाय्य हे शासनाचे कर्तव्य असल्याचे स्पष्ट केले. हा हक्क आरोपीस दंडाधिकाऱ्यापुढे प्रथम हजर करण्याच्या क्षणापासून सुरू होतो, असे १९८० मध्ये ठरले. १९८६ चा सुकदास खटला तर अरुणाचलसारख्या दुर्गम प्रदेशातून आला होता. आरोपीने वकील मागितला नाही म्हणून त्याचा हक्क नष्ट होत नाही, हा त्यातील निर्णय मेळघाटालाही तंतोतंत लागू पडतो. कारण ज्याला हक्कच ठाऊक नाही, तो त्याची मागणी कशी करणार?

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चा. त्याची अंमलबजावणी ९ नोव्हेंबर १९९५ पासून झाली. त्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जमातीची व्यक्ती, स्त्रिया, बालके व कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. म्हणजेच प्रत्येक कोरकू आरोपी या साहाय्यास पात्र आहे.

मेळघाटातील वास्तव :

धारणी हे तालुक्याचे ठिकाण अमरावतीपासून शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर, घाटापलीकडे आहे. दंडाधिकाऱ्यांचे न्यायालय धारणीत असले तरी सत्र न्यायालयातील कामासाठी अचलपूरला यावे लागते. वकील, आरोपी व साक्षीदार यांच्यातील हे अंतर बचावाची तयारी दुबळी करते. दुसरा अडसर भाषेचा आहे. कोरकू ही मुंडा गटातील भाषा असून मराठीशी तिचे नाते नाही. आरोपीला न समजणाऱ्या भाषेतील साक्ष त्याला समजावून सांगण्याची तरतूद १९७३ च्या संहितेत होती. परंतु वकील व पक्षकार यांच्या खासगी बोलण्याला दुभाषी कोठून मिळणार?

घाईच्या बचावाचे परिणाम मेळघाटास लागून असलेल्या खांडवा जिल्ह्यातील एका खटल्यात दिसले. २०१३ मध्ये आरोपनिश्चितीच्याच दिवशी वकील नेमला गेला व सुमारे दोन आठवड्यांत आरोपीस फाशीची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला. फाशी वा जन्मठेपेची शक्यता असलेल्या खटल्यात किमान दहा वर्षे अनुभव असलेला वकील नेमावा आणि त्यास तयारीसाठी साधारणतः किमान सात दिवस द्यावेत, असेही न्यायालयाने सांगितले. फेरसुनावणीत २०२४ मध्ये तो आरोपी निर्दोष सुटला. त्याची मधली अकरा वर्षे तुरुंगात गेली.

निष्कर्ष :

२०२२ च्या राष्ट्रीय योजनेने खासगी वकिली न करता केवळ बचावाचेच काम करणाऱ्या पूर्णवेळ विधिज्ञांची व्यवस्था जिल्हा पातळीवर आणली. सरकारी वकिलाच्या तोडीची यंत्रणा गरीब आरोपीसाठी उभी राहणे, ही खापर्डे-मुधोळकरांच्या काळाशी तुलना करता मोठीच प्रगती होय. तथापि जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेला विधिज्ञ घाटापलीकडील आरोपीला पहिल्या हजेरीच्या दिवशी उपलब्ध होत नसेल, तर त्याचा हक्क कागदावरच राहतो. धारणी व चिखलदरा येथे नियमित उपस्थिती, कोरकू जाणणारे विधी स्वयंसेवक आणि तयारीसाठी पुरेसा अवधी या तीन बाबींवर मेळघाटातील न्याय अवलंबून राहील, असे या अभ्यासावरून म्हणता येते.