पुरा न बसणारा टप

श्रोतेहो, मुंबईच्या व्हिक्टोरियातून ज्यांनी एकदा तरी फेरफटका मारला असेल, त्यांना तिचा काळा टप आठवत असेल. ऊन सौम्य असले की तो मागे पडलेला असे. पावसाची सर आली की गाडीवान खाली उतरून तो ओढून पुढे चढवी. टप अडला तर का अडला, हे त्याला कोणाला विचारावे लागत नसे. कांब वाकली असेल तर ती डोळ्यांना दिसे. कापड आखडले असेल तर ते बोटांना कळे. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने मौजेच्या फेऱ्यांसाठी घोडागाड्या चालवणे बेकायदा ठरवले आणि तो टप आठवणीत जमा झाला. परंतु जो हात टप ओढतो तोच त्याचा दोषही ओळखतो, ही त्यातील साधी गोष्ट मात्र विसरण्यासारखी नाही. मोटारगाडीच्या टपाचा इतिहास म्हणजे या हाताची जागा एका कळीने घेतली, त्याचा इतिहास होय.

त्याच्या आरंभीच एक विलक्षण माणूस भेटतो. जॉर्ज पोलँ हा पॅरिसचा एक दंतवैद्य. मोटारींच्या आकृती काढण्याचा त्याला नाद होता. धातूचे अखंड छत मागच्या पेटीत सरकून दिसेनासे व्हावे, अशी युक्ती त्याने शोधली, तिचे पेटंट घेतले, आणि १९३४ पासून प्यूजो कंपनीच्या ‘एक्लिप्स’ नावाच्या गाड्यांतून ती रस्त्यावर आली. ग्रहणात सूर्य झाकला जावा तसे छत झाकले जाई, म्हणून हे नाव. वरचे दात खालच्या दातांवर नेमके बसतात की नाही, हे पाहण्यात ज्याचा दिवस जाई, त्यालाच छत काचेच्या चौकटीवर नेमके बसवण्याचा ध्यास लागावा, यात नवल ते काय? पुढे फ्रान्सवर जर्मनांचा अंमल बसला तेव्हा पोलँ गुप्तपणे प्रतिकाराच्या कार्यात उतरला, पकडला गेला, आणि १९४२ साली त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्याची कल्पना मात्र मेली नाही.

इकडे अमेरिकेत कापडी टप यंत्राने चढवण्याचे प्रयत्न चालू होते. १९३९ साली प्लिमथ गाडीने तो निर्वाताच्या बळावर चढवून दाखवला. इंजिन हवा शोषून घेते, त्यामुळे नळकांड्यातील दाब उतरतो आणि बाहेरची हवा दट्ट्याला ढकलते, एवढेच त्याचे तत्त्व. पण हवेचा दाब चौरस इंचाला सुमारे १५ पौंड. याहून अधिक जोर या रीतीने मिळणे शक्य नाही. त्यातून नळीला बारीकशी चीर गेली की तोही घटणार. टप वर येई; पण अखेरच्या टप्प्यात कापड कांबांवर ताणले जाते आणि नेमका तेथेच अधिक जोर हवा असतो. म्हणून पुरा न बसणाऱ्या टपाचे या काळातील निदान एकच: कोठेतरी हवा शिरते आहे.

महायुद्धानंतर हवेची जागा तेलाने घेतली. विजेची मोटर पंप फिरवते, पंप दोन्ही बाजूंच्या नळकांड्यांत तेल दाबतो, आणि दट्टे टपाची चौकट उचलतात. तेल दाबले जात नाही, म्हणून जोर भरपूर. पण दोषांचेही रूप पालटले. तेल कमी झाले, अगर त्यात हवेचे बुडबुडे शिरले, की टप अडखळत चढतो आणि चार बोटे आधी थांबतो. बॅटरी क्षीण असेल तर पंप नुसता कण्हतो. एका बाजूचे नळकांडे गळू लागले की चौकट तिरकी होते. एक कोपरा बसतो, दुसरा उघडा राहतो. काही वेळा यंत्र निर्दोष असते आणि थंडीने आखडलेले कापडच पुरत नाही. लक्षण एक, कारणे चार! अशा वेळी अधीर माणूस कळ दाबून धरतो. आणि अडलेल्या यंत्राला अधिक जोर दिला की जे नुसते अडले होते ते मोडते.

१९५७ साली फोर्ड कंपनीने ‘स्कायलायनर’ ही गाडी बाजारात आणली. पोलँच्या कल्पनेप्रमाणेच तिचे छत पोलादाचे. मागचे प्रचंड झाकण उभे राही, छत त्याखालून उठून पुढे येई, त्याची दुमडलेली पुढची पट्टी उलगडे, छत जखडले जाई, आणि मग झाकण मिटे. त्यासाठी सहाशे फुटांहून अधिक तार, दहा रिले आणि दहा मर्यादा-स्विच लागत. हे स्विच म्हणजे यंत्राची बोटेच. एक हालचाल पुरी झाली, असे स्विचने सांगितल्यावाचून दुसरी सुरू होत नसे. म्हणून एखादा स्विच रेसभर सरकला, तर छत, मोटरी, बॅटरी सारे धडधाकट असूनही गाडी भर रस्त्यात आपले झाकण आभाळाकडे उभारून थांबे. दुरुस्तीला येणारा शहाणा कारागीर प्रथम हत्यार उचलत नसे. गाडी कोठे थांबली ते पाही. छत बसले आणि झाकण उभे राहिले, तर ‘छत बसले’ ही वार्ता पोचली नाही, हे उघड होई. शेवटची पुरी झालेली पायरी आणि पहिली न झालेली पायरी, या दोहोंच्या मध्येच दोष दडलेला असतो. तीन वर्षांत अशा ४८ हजारांवर गाड्या खपल्या आणि १९५९ मध्ये त्यांची निर्मिती थांबली. पण तिची यंत्ररचना १९६१ च्या चार दारांच्या लिंकन कॉन्टिनेन्टलच्या कापडी टपाला उपयोगी पडली. १९९६ साली मर्सिडीझच्या एसएलके गाडीने पोलादी छत पुन्हा लोकप्रिय केले, तेव्हाही पायरीमागून पायरी हाच नेम होता.

आजच्या गाडीत स्विचांच्या जोडीला संवेदक आले आहेत आणि त्यांची वार्ता एक लहानसा संगणक ऐकतो. तरीही सामानाच्या कप्प्यातील पडदा जागेवर नसला, तर पुष्कळ गाड्यांची छते आजही हलत नाहीत. मालक पंपाला दोष देतो. दोष असतो त्याने वाकडी ठेवलेल्या पेटीचा.

श्रोतेहो, गाडीवानाच्या हातात बळ होते आणि जाणही होती. यंत्राने बळ लवकर उचलले. जाण उचलायला त्याला पुष्कळ वर्षे लागली, आणि अजूनही ती अपुरीच आहे. म्हणून टप चार बोटे आधी थांबला, तर कळीवरचे बोट क्षणभर काढावे, गाडीतून खाली उतरावे, आणि तो कोठे अडला आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. व्हिक्टोरियाचा गाडीवान याहून निराळे काय करीत होता?