ढगाखालचा हिशेब

जर्मनीतल्या आखेनला पाऊस कोसळत नाही, रेंगाळतो. पुण्याहून इथल्या विद्यापीठात शिकायला आलो, तेव्हा पहिले तीन आठवडे माझी स्वतःच्या सावलीशी गाठ पडली नव्हती. त्यामुळे बाल्कनीच्या कठड्याला दोन सोलर पॅनेल टांगली, हे फोनवर सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "अरे, तुमच्याकडे ऊन कुठाय? चादरी तरी वाळतात का?"

चादरी वाळत नाहीत. वीज होते. ढगांतून गाळून येणाऱ्या उजेडावरही पॅनेल चालतं, कमी चालतं इतकंच. आणि थंड हवेत ते तापत नाही, हा उलट फायदा. इथे एका किलोवॉटमागे वर्षाला साधारण ९०० युनिटं मिळतात. पुण्यात दीडपटीहून थोडी जास्त. फरक आहे, पण आईला वाटतो तेवढा नाही.

जर्मनीत सौर विजेची खरी अडचण ढगांची नव्हतीच, विजेला मिळणाऱ्या भावाची होती. १९८६ च्या एप्रिलात चेर्नोबिल झालं आणि त्याच वर्षी वोल्फ फॉन फाबेक या निवृत्त लष्करी अधिकाऱ्यानं सोबत्यांसह आखेनमध्ये सौरऊर्जेसाठी संस्था काढली. १९९१ पासून घरची सौर वीज विकत घेणं वीज कंपन्यांना कायद्यानं भाग पडलं. पण भाव मिळायचा युनिटला १७ फेनिगच्या आसपास आणि खर्च यायचा जवळपास दोन मार्क, म्हणजे २०० फेनिग. असला धंदा हौशी माणूसच करणार! फाबेक यांचं म्हणणं सरळ होतं: खर्च भरून निघेल एवढा भाव द्या, आणि तो पैसा सरकारी तिजोरीतून नको, सगळ्यांच्या वीजबिलात फार तर टक्काभर वाढवून उभा करा. १९९२ मध्ये नगर परिषदेनं ठराव केला, तरी दोन मार्कांचा भाव हाती पडायला १९९५ उजाडलं. मधली वर्षं वीज कंपनी आणि दर मंजूर करणारे अधिकारी यांच्याशी हुज्जत घालण्यात गेली. तोवर हामेलबुर्ग या लहानशा गावानं बाजी मारली होती. नाव मात्र झालं 'आखेन मॉडेल'चं.

ज्याला स्वतःचं छप्पर नाही, तोही शेजाऱ्याच्या छपरासाठी चार पैसे भरत होता. भाडेकरूंच्या पैशानं घरमालकांचं भलं, अशी तक्रार तेव्हापासून आहे, आणि मी स्वतः भाडेकरू असल्यानं ती मला अगदीच खोटी वाटत नाही. पण २००० च्या एप्रिलात हीच कल्पना देशाचा कायदा झाली: युनिटला ९९ फेनिग, वीस वर्षांची हमी. छपरं भराभर निळी झाली, कारखाने वाढले, पुढे चीननं पॅनेल इतकं स्वस्त केलं की माझ्यासारख्याच्या कठड्यावरही ते आलं.

जूनमधल्या चांगल्या दिवशी माझी दोन पॅनेल तीन-चार युनिटं देतात. डिसेंबरातल्या कुंद दिवशी दोन किटल्या पाणी उकळलं की संपलं. आईला मी जूनचे आकडे पाठवतो.