उमेदवाराने हार मानली म्हणजे निवडणूक संपली का?

मतमोजणीच्या अर्ध्या फेऱ्या बाकी असतानाच उमेदवार ‘निकाल मान्य’ म्हणून निघून जातो आणि बाहेर उभे कार्यकर्ते चडफडतात. अमेरिकेत २००४ साली जॉन केरी यांनी मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी हार मानली. ओहायोतल्या लांबच लांब रांगांबद्दल ओरडणाऱ्या समर्थकांना ते पटलं नाही.

पालघरला उलटं घडलं. २८ मे २०१८ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत मतदान यंत्रे आणि व्हीव्हीपॅट बंद पडल्याच्या तक्रारी आल्या, ऐन उन्हात मतदार ताटकळले. ३१ मे रोजी भाजपचे राजेंद्र गावित २९,५७२ मतांनी जिंकले. शिवसेनेचे श्रीनिवास वनगा दुसरे आले, पण उद्धव ठाकरे यांनी निकालावर आक्षेप घेत आयोगाला धारेवर धरलं. त्याच दिवशी मतदान झालेल्या भंडारा-गोंदियात ४९ केंद्रांवर फेरमतदान झालं होतं.

आपल्या कायद्यात हार मानण्याला काहीच किंमत नाही. निकाल निवडणूक निर्णय अधिकारी जाहीर करतो. मोजणीचे आकडे वाचून दाखवल्यावर, सही होण्याआधी, फेरमोजणीचा लेखी अर्ज कारणासह देता येतो. उमेदवार घरी गेला असला तरी त्याचा निवडणूक किंवा मतमोजणी प्रतिनिधी तो देऊ शकतो. म्हणून प्रतिनिधीने जागा सोडायची नाही. खरी चूक तिथेच होते. सही झाली की हा रस्ता बंद. त्यानंतर लोकसभा-विधानसभेसाठी ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका. ती त्या मतदारसंघातला साधा मतदारही करू शकतो. अनामत २,००० रुपये, वकिलाचा खर्च मात्र वेगळा आणि मोठा.

बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीतल्या कामगारांची अडचण वेगळीच. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-ब नुसार मतदानाची सुट्टी भरपगारी असते, रोजंदारीवाल्यालाही. ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठं नुकसान होईल, त्याला हे कलम लागू नाही. अशांना शासनाच्या आदेशात सहसा दोन-तीन तासांची सवलत असते. मालकाला दंड फक्त ५०० रुपयांपर्यंत, त्यामुळे धाक कमीच.

मतदानाची वेळ संपताना रांगेत असाल तर हलू नका. शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटतात, चिठ्ठीवाल्या प्रत्येकाला मत देता येतं. तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकलं असेल, तर ओळख पटवून ‘प्रदत्त मत’ मागा, कागदी मतपत्रिका मिळते. यादीत नाव आहे का, हे १९५० या नंबरवर आधीच विचारून घ्या.

केंद्र बंद होताना मतदान प्रतिनिधीने नमुना १७-क ची प्रत घ्यायचीच. एकूण किती मतं पडली याचा तोच कागद, मोजणीच्या टेबलावर तो जुळवून बघता येतो.