विषारी शेपटीची रात्र

१८६४ साली फ्लॉरेन्समध्ये खगोलज्ञ दोनातीने एका धूमकेतूचा उजेड लोलकातून पाहिला. त्याला सुटे तीन तेजस्वी पट्टे दिसले. म्हणजे सूर्याचा उजेड नुसता परतून येत नव्हता, धूमकेतूच्या डोक्याभोवतीचा वायू स्वतःच चमकत होता. चार वर्षांनी लंडनच्या टल्स हिल भागात विल्यम हगिन्सने घरच्या वेधशाळेत इथिलीन वायूतून विजेची ठिणगी पाडली आणि तिचा वर्णपट विनेकेच्या धूमकेतूच्या वर्णपटाशी ताडून पाहिला. पट्टे जुळले. कार्बन! बुन्सन बर्नरच्या ज्योतीत आतल्या बाजूला जो निळा-हिरवा रंग दिसतो, तो याच पट्ट्यांचा. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवताना मी हे बर्नर पेटवूनच सांगायचो. मागच्या बाकावरच्या मानाही वर व्हायच्या.

१८८१ मध्ये हगिन्सने धूमकेतूच्या वर्णपटाचा फोटो घेतला, त्यात जांभळ्या टोकाला सायनोजेनची खूण उमटली. आमच्याकडे सायनाइडची बाटली कुलपात असायची, ती याच घराण्यातली. पुढे बरीच वर्षं ही नोंद तज्ज्ञांपुरतीच राहिली.

मग १९१०चा फेब्रुवारी उजाडला. अमेरिकेतल्या यर्किस वेधशाळेतून बातमी आली, की हॅलीच्या धूमकेतूत सायनोजेन आहे. मे महिन्यात पृथ्वी त्याच्या शेपटीतून जाणार, हे गणित तर मांडलेलंच होतं. न्यूयॉर्क टाइम्सने फ्रेंच खगोलज्ञ फ्लामारियाँच्या नावावर छापलं, की हा वायू हवेत मिसळून सगळी जीवसृष्टी संपवू शकेल. लोकांनी दाराखिडक्यांच्या फटी बुजवल्या, किल्लीच्या भोकांत कागद कोंबले. विषावर उतारा म्हणून 'धूमकेतूच्या गोळ्या' खपल्या. १८-१९ मेची रात्र गेली आणि कुणाला ठसकासुद्धा लागला नाही.

त्या लोकांना हसणं मला जमत नाही. वायू खरा होता आणि विषारीही होता. शेपटी मात्र कोट्यवधी किलोमीटर लांब असूनही इतकी विरळ, की प्रयोगशाळेत पंपाने केलेली पोकळी तिच्यापुढे दाट म्हणायची. आम्ही मुलांना गुणात्मक विश्लेषणानंतर, म्हणजे काय आहे ते कळल्यावर, परिमाणात्मक, म्हणजे किती आहे ते, करायला लावायचो. वर्तमानपत्रं पहिल्यावरच थांबली.

वायू येतो कुठून, ते नीट कळायला १९५० उजाडलं. गाभा म्हणजे धूळ मिसळलेला बर्फ, सूर्याजवळ तापला की त्याची थेट वाफ होते आणि तेच धूमकेतूचं तात्पुरतं वातावरण, अशी मांडणी खगोलज्ञ फ्रेड व्हिपलने केली. १४ मार्च १९८६ला जिओतो यान हॅलीच्या गाभ्यापासून सुमारे ६०० किलोमीटरवरून गेलं. वायूत ८० टक्के पाणीच निघालं. हॅलीच्या त्याच फेरीत रेडिओ दुर्बिणींना हायड्रोजन सायनाइडही सापडलं, पण अगदी किंचित.

२०१४ मध्ये रोझेटा यान ६७पी धूमकेतूपाशी पोहोचलं आणि त्यावरच्या रोझिना उपकरणाने अमोनिया, फॉर्माल्डिहाइड, हायड्रोजन सल्फाइड टिपले. सडक्या अंड्यांचा आणि घोड्यांच्या तबेल्याचा वास, असं बर्न विद्यापीठाच्या कॅथरिन आल्टवेग यांनी त्याचं वर्णन केलं. मला हायड्रोजन सल्फाइड बनवायचं आमचं किपचं उपकरणच आठवलं. पावसाळ्यात खिडक्या बंद असल्या की त्याचा वास शेजारच्या वर्गात जायचा आणि मराठीचे सर भांडायला यायचे.