रोलवर वाजणारे ग्रँड पियानो

१९०४ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या वेल्टे कंपनीने ‘वेल्टे-मिन्यों’ ही यंत्रणा आणली आणि वादकाच्या बोटांचा जोरही कागदाच्या रोलमधून पुन्हा ऐकू येऊ लागला. छिद्रांतून हवा ओढून पट्ट्या दाबणारी यंत्रं आधीही होती; नवल होतं ते आवाजाच्या चढउताराचं.

दशकभरात अमेरिकेत चुरस लागली. एओलियन कंपनीची ‘ड्युओ-आर्ट’ यंत्रणा स्टाइनवेच्या ग्रँडमध्ये बसू लागली. ती मावावी म्हणून पियानोच काही इंच लांब बांधला जाई! रखमानिनोव्हने ‘अँपिको’ या प्रतिस्पर्धी यंत्रणेसाठी रोल वाजवून दिले, गर्शविनने ‘ड्युओ-आर्ट’साठी.

मग रेडिओ आला, पाठोपाठ १९२९ची मंदी. १९३२मध्ये या दोन यंत्रणांच्या प्रतिस्पर्धी कंपन्या एक झाल्या, पण गिऱ्हाईक परतलं नाही.

पुढे कितीतरी ग्रँडमधली यंत्रणा जुनाट अडगळ समजून उपटली गेली. एवढ्या कारागिरीची ती सरळसरळ नासाडी होती. म्हणूनच आज असा पियानो घेताना जाणकार आधी विचारतात, मूळ यंत्रणा पूर्ण आहे का? रबरी नळ्या आणि भात्यांचं कापड नवं बसवता येतं; हरवलेले भाग मिळणं फार अवघड. विकणाऱ्यांनी यंत्रणा बंद असली तरी काढू नये, रोलही पियानोसोबतच द्यावेत.