पट्टा छातीला, मानेला काय?

गेल्या दसऱ्याला धावीर महाराजांच्या पालखीसाठी पेणहून रोह्याला अक्काकडे निघालो होतो. वडखळच्या पुढे वाहतूक अडली, आमची गाडी थांबली आणि मागून टेंपो आपटला. मी पुढच्या सीटवर, पट्टा लावून. रक्ताचा थेंब नाही, पण दुसऱ्या दिवशी मान वळेना. अक्काने निकाल दिला, "त्या पट्ट्यानेच मान गेली तुझी!" तेव्हापासून नात्यातल्या काहींनी पट्टा सोडलाय म्हणे. म्हणून हे लिहायला बसलो.

सुरुवातीचे पट्टे नुसते कमरेचे. धडक बसली की कंबर जागेवर, धड पुढे दुमडायचे आणि डोके समोर आपटायचे. १९५९ साली स्वीडनच्या व्होल्वो कंपनीत नील्स बोलिन यांनी खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा पट्टा आणला. हे गृहस्थ आधी लढाऊ विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्या बनवत! पेटंट असूनही कंपनीने तो इतरांना वापरू दिला, हे मला फार आवडले.

तरी चार-पाच किलोचे डोके मोकळेच राहिले. पेणकरांना हे सांगायला नको. गणपती टेंपोत चढवताना धड पक्के बसवून भागत नाही, मानेमागेही पेंढा लागतो. गाडीतला पेंढा म्हणजे डोक्यामागची उशी. मागून धक्का बसला की सीट पाठीला पुढे ढकलते, डोके मागेच राहते आणि मधली मान ताणली जाते. अमेरिकेत १९६९पासून नव्या गाड्यांच्या पुढच्या सीटना ही उशी सक्तीची झाली. समोरच्या धडकेसाठी पुढे एअरबॅग आली, तीही पट्ट्याच्या जोडीला.

आता कबुली. मागे बसलेल्या नातवाला रस्ता दिसावा म्हणून ती उशी मीच काढून डिकीत टाकली होती. अक्काला हे सांगितले नव्हते.

आणि पट्टा नसला तर? जून २०१४मध्ये दिल्लीत गोपीनाथ मुंडे गेले, तेव्हा मार मानेलाही होता. ते मागे बसले होते, पट्ट्याविना. ४ सप्टेंबर २०२२ला चारोटीजवळच्या पुलावर सायरस मिस्त्रींची गाडी आदळली. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मागे पट्ट्याविना बसलेले दोघे गेले, त्यात मिस्त्री.

असो. उशी परत लावली आहे, वरची कड डोक्याच्या टोकापर्यंत येईल अशी. अक्का म्हणते, पुढच्या पालखीला रेल्वेने ये.