भंडारदरा जलाशय : मिनिमलिस्ट छायाचित्रण आणि ऐतिहासिक साधनमूल्य

जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो यांच्या १९८० पासूनच्या समुद्रचित्रांत पाणी, आकाश आणि क्षितिज एवढेच उरते. शीर्षकात मात्र समुद्राचे नाव व साल असते. भंडारदऱ्याचा जलाशय याच मिनिमलिस्ट दृष्टीने टिपला असता दीर्घ एक्स्पोजरमुळे लाटा पुसल्या जातात आणि पाणी अनादी भासते. वस्तुतः हा जलाशय प्रवरेवरील विल्सन धरणामुळे निर्माण झाला. धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. दरीतील जमीन बुडाली, तर लाभक्षेत्रात ऊसशेती वाढली. सिंचनाचे आवर्तन सुटले की पातळी उतरते व काठ सरकतो. म्हणजेच चित्रातील किनाररेषा हा पाणीवाटपाचाही पुरावा ठरतो. मात्र स्थळ व दिनांकाची नोंद नसेल, तर असे छायाचित्र कलाकृती म्हणून टिकेल. ऐतिहासिक साधन म्हणून नव्हे.